उतारपेठेची दोरी

प्रिय उज्ज्वलाताई,

पाकीट पाहून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की मी धडधाकट आहे. हातपाय जागेवर आहेत, दोन वेळा पोट भरून जेवतो, अन् कोणत्या पोरीच्या भानगडीतही नाही. अक्षर मात्र जसं होतं तसंच आहे. आठवीत शाळा सुटली तवापासून पेन धरला तो फक्त हजेरीवर सही करायले. तू माझा गृहपाठ लिहून द्यायची अन् गुरुजी म्हणायचे, "हर्षल, तुझं अक्षर घरी इतकं चांगलं अन् वर्गात असं काहून रे?" आता लिहून द्यायले तू इथं नाही, तर जसं उमटंल तसं वाचून घे.

फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर मी सगळं हसण्यावारी नेतो, तुले माहीत आहे. मागच्या रविवारी तू सांगितलं की कार्तिक पौर्णिमेनंतरच्या रविवारी, जवा पेठेतले सारे लोक वाळूच्या वाड्या वाटून घ्यायले नदीवर जमतात, तवा बाबा मापाची दोरी सोडणार आहेत. सगळ्यांसमोर उदयसिंगकाकाच्या हातात देणार आहेत. पणजोबाच्याही आधीपासून आपल्या घरात असलेली दोरी जाणार, अन् बाबा मायले म्हणाले, "डोळे गेलेल्या माणसानं दुसऱ्याची वाळू मोजू नये." तू रडत नव्हती, पण नाक ओढून राह्यली होती. अन् मी काय म्हणालो? "जाऊ दे ना ताई, बाबाच्या डोक्यावरचा तेवढाच भार कमी." असं म्हणून फोन ठेवला. ते वाक्य मागं घ्यायचं म्हणून हे पत्र. पोस्टातला माणूस म्हणाला, स्पीड पोस्टानं पाच-सहा दिवस लागतात. म्हणजे रविवारच्या आधी दोन-तीन दिवस तुझ्या हातात राहतील. पत्र उतारपेठेच्या घरी न धाडता तुझ्या सासरी मेडशीले धाडलं तेही जाणून. घरी गेलं असतं तर मायनं पोस्टमनलेच ओट्यावर बसवून वाचून घेतलं असतं, अन् सगळ्यात आधी शेजारच्या चुलीले कळलं असतं.

इथलं सांगतो. मी ज्या गावात आहे त्याचं नाव लिहिलं तरी तुले म्हणता येणार नाही, आमच्या ठेकेदारालेही येत नाही. आसामात वरच्या अंगाले आहे, ब्रह्मपुत्रेच्या काठावर. आपली अडाण नदी तिच्यापुढं पाटाचं पाणी. या काठावरून पलीकडचा माणूस दिसत नाही, झाडही असंल तर असंल एवढंच वाटते. आमी विजेच्या टावरवर तारा ओढतो. पुण्याच्या कंपनीत मी चार महिने राह्यलो, सुरतेत दोन, नागपूरच्या हॉटेलात तर सव्वीस दिवस. तू म्हणते तसं माझ्या तळपायाले खाज आहे. पण टावरवर टिकलो. वर चढलं की खालचा कोणी काही विचारू शकत नाही. साडेचारलेच इथं दिवे लावा लागतात, सकाळी मात्र सूर्य कोंबड्याच्या आधी उठते. भात खाऊन खाऊन मले भाकरीची अशी आठवण येते की मागच्या महिन्यात ज्वारी शोधत साऱ्या बाजारात फिरलो. एकानं मले पाखरांचं खाद्य आणून दाखवलं.

तो बाजार पाहिला अन् मले वाटलं, आपलीच पेठ धरून कोणी चहूबाजूनं ताणली. कापडाच्या दुकानात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आसामी बोलते अन् आत वळला की बायकोशी मारवाडी. औषधवाला बंगाली. दूध नेपाळ्याचं. कोणालेही विचारा, कधी आले? सारे एकच म्हणतात, इंग्रजाच्या वक्ताले. कोणाले त्यानं धरून आणलं, कोणाले फसवून, कोणी त्याच्या मागं मागं पोटासाठी आलं. नदीच्या घाटावर जगदेवकाकाची खानावळ आहे, आमी तिथंच जेवतो. त्यायचे पणजोबा बिहारातल्या छपऱ्याकडचे, इंग्रजाच्या आगबोटीवर कोळसा टाकायले होते. बोट एका पावसाळ्यात गाळात रुतून बसली अन् पणजोबा उतरले ते इथलेच झाले. काकाची बायको चहाच्या मळ्यातली. तिची आजी लहान होती तवा तिच्या मायबापाले मळ्यावर आणलं होतं. आजीले कोणी तिचं गाव विचारलं तर ती बिचारी रस्ता सांगायची, आधी चालत, मग रेल्वे, मग बोट. गावाचं नाव तिले माहीतच नव्हतं. सांगायच्या आधीच मायबाप तापानं गेले.

तर एकदा पाऊस लागून राह्यला होता, काम बंद. जगदेवकाकानं मले विचारलं, तुझ्या गावात कोण कोण राहते? मी आपला सुरू झालो, अन् ताई, पहिल्यांदा मले कळलं की आपल्या पेठेची गोष्ट मले पूर्ण येते. बाबा वाफे ओढता ओढता सांगत होते तवा मी ऐकत नव्हतो असं तुमाले वाटायचं. तुलेही लिहितो, कुठं चुकलं असंल तर सांग.

मी म्हणालो, आधी आमच्याकडं गावच नव्हतं, नदीचा उतार होता नुसता, बैल पाण्यातून पलीकडं न्यायची जागा. मग विलायतेतल्या गिरण्यांले वऱ्हाडातला कापूस लागायला लागला. एका पारशानं उताराजवळ कापसातली सरकी काढायची जिन टाकली. पूल बांधायले तेलंगी वडार आले, दगड फोडता फोडता इथलेच झाले. जिनच्या फाटकावर लाठी घेऊन उभं राह्यले उत्तरेकडचे परदेशी आले, उदयसिंगकाकाचे आजे त्यातलेच. अजून त्यायच्या घरात 'हम' चालते अन् ओट्यावर आले की 'आमी'. कापसाची दलाली कच्छ्यानं धरली, कापड मारवाड्यानं, खिळे, कंदील, कुलपं बोहऱ्यानं. गाद्या भरणारे पिंजारी आले. इंजिन चालवायले गोव्याहून एक फिटर आला, त्याची कबर जिनच्या चिमणीच्या मागं आहे अन् तिच्यावर आमची बकरी चढायची. अन् जिनच्या गोऱ्या साहेबाले फुलकोबी अन् मटार पाहिजे होते, म्हणून कारंज्याकडून एक माळी आणला. तो आमचा खापरपणजोबा. जगदेवकाका इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "हमरा कोयला, तोहार कोबी!"

मग मी वाळूचं सांगितलं. जिनची मजुरी पुरत नव्हती, म्हणून पावसाळ्यानंतर नदी उतरली की बायकायनं पेठेखालची वाळू धरली. खड्डे खणा, शेणखत भरा, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचं कुंपण लावा, उन्हाळ्यात टरबूज, खरबूज, काकडी. पहिल्या साली जो आधी आला होता त्यानं चांगली वाळू धरली अन् वडारांच्या वाट्याले पाण्याकडची पट्टी आली. पाणी चढलं, वेल वाहून गेले, अन् मग पुलाखाली अशी मारामारी झाली की चार जातींची डोकी एकाच दवाखान्यात बांधली. तवा सारे बसले. अन् ठरलं की दरसाल वाळू नव्यानं मोजायची, अन् पेठेत जो सगळ्यात शेवटी राहायले आला त्यानं पहिली निवड करायची. त्याले नदी माहीत नाही, म्हणून. ज्याले माहीत आहे तो कुठंही पिकवंल. रविवार धरला, कारण जिनले सुटी रविवारची. मोजणार कोण? साहेबाच्या बागेतले वाफे आखायची दोरी माळ्याकडं होती, अन् तो ना कच्छ्याचा, ना परदेश्याचा, ना वडाराचा. म्हणून तो. पण अट अशी घातली की मोजणाऱ्यानं सगळ्यात शेवटी घ्यायचं, उरंल ते. जिन बंद पडून जमाना झाला, पारशी गेला, साहेब गेला, अन् आमचा रविवार अजून चालू आहे.

हे ऐकून जगदेवकाका उठले अन् आतून बायकोले बोलावून आणलं. "इसको फिर से बता," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाटावरचे नावाडी विचारायला लागले, तूच का त्या गावचा, जिथं शेवटचा आलेला पहिला निवडते? तवापासून खानावळीत एक चाल पडली आहे. आमच्या टोळीत सगळ्यात शेवटी मी भरती झालो, म्हणून पहिलं ताट माझ्यापुढं. मस्करीच आहे, पण काका सोडत नाहीत. "ए उतारपेठ, पहिले तू!" असं ओरडतात, अन् तीस माणसं हात धुऊन माझ्याकडं पाहत बसतात. माशाचा मोठा तुकडा माझा. तुले वाटंल, मजा आहे पोराची. ताई, मी तो तुकडा खाली मान घालून गिळतो. कारण पहिल्या दिवशी काकानं अजून एक विचारलं होतं. म्हणाले, मग तुमच्याकडं शेवटी आला तो कोण? त्याले चांगली जागा भेटली ना? मी म्हणालो, हो, सगळ्यात चांगली.

तुले माहीत आहे हे किती खरं अन् किती खोटं. तू होती त्या दिवशी तिथं.

आता मागचं थोडं बोलू दे. आपण लहान असताना दरसाल त्या रविवारी बाबा कमरेले दोरी गुंडाळून निघायचे तवा मले वाटायचं, आपला बाप राजा आहे. सहा-सहा हातावर गाठी, चार गाठींची एक पट्टी, अन् बाबा डोळे मिटून बोटानं गाठी मोजत चालले की कच्छी शेठही बाजूले सरून वाट द्यायचा. अन् सायंकाळी? सगळ्यांची निवड झाली की राजाच्या वाट्याले गोटाड. कधी पाण्यातली पट्टी, कधी दगडाची. मी दहा वर्षांचा होतो तवा विचारलं होतं, आपल्यालेच उरलेलं काहून? बाबा म्हणाले, "आपल्या हाती दोरी आहे ना बापा." एवढंच. जसं काही त्यात उत्तर आहे. मी मोठा झालो तसा मले त्या उत्तराचा राग यायला लागला. इतर पोरायचे बाप बांधावरून भांडून हातभर जमीन काढतात, अन् आपला बाप दोरी हाती असून गोटे वेचते. तुले हे मी कधी बोललो नाही. तू सासरी गेली अन् गोटे वेचायले मी उरलो.

मागच्या साली सेवादास आला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, बरेच साल ऊसतोडीले जाऊन थकलेला. दिवाळीच्या आधी त्यानं अन् त्याच्या बायकोनं, विमलबाईनं, जिनच्या मागची खोली भाड्यानं घेतली. रविवारी नदीवर उदयसिंगकाकानं त्याची फिरकी घेतलीच, "काय रे सेवादास, वीस कोसावरून आलेला माणूस नवा कसा?" अन् त्यानं पागोटं सारखं करत काय म्हटलं आठवते? "नवे कायचे काका, या उतारावरून आमचे तांडे मीठ घेऊन जायचे तवा तुमची पेठ नव्हती. तुमची जिन आली, तुमची आगगाडी आली, अन् आमचे बैल बसले. तवाचे निघालेले आमी आत्ता पोचून राह्यलो." सारे हसले. काका म्हणाले, "म्हणजे हा त सगळ्यात जुना! बसवा याले शेवटी!" पुन्हा हसणं. अन् बाबा कमरेची दोरी सोडत म्हणाले, "पेठेत चूल पेटली तो दिवस धरायचा. निवड बापा." सेवादासनं वहाणा काढल्या अन् वाळूवर अनवाणी फिरला. अंगठ्यानं उकरत उकरत गेला अन् बरोबर तिथंच थांबला, जिथं वाळूखाली ओल धरणारं गाळाचं पोट आहे. पेठेतल्या बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. बाबानं चार गाठी मोजून हद्दीच्या खुंट्या ठोकल्या अन् पट्टी त्याची झाली. मग एकेक घर निवडत गेलं अन् शेवटी आपल्याले उरली ती त्याच्या बाजूची, दगडाची.

मग पंगत बसली. वडारांचा चिंचेचा भात, परदेश्यांच्या पुऱ्या, बोहऱ्याकडून शेवया, आपले रोडगे अन् वांग्याची भाजी. तू पदर खोचून वाढत होती अन् मले हाका मारत होती. मी आलो तवा तू रागावली, कुठं होता रे म्हणून. मी म्हणालो, पाणी आणायले गेलो होतो. तू माझ्या हाताकडं पाहिलं होतं, ताई. घागर नव्हती. तू काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सेवादास शेणखत आणायले तांड्यावर गेला अन् बाबा भाजी घेऊन शेलूबाजारले. मी दोन दिवसांत आपली पट्टी खणून, खत भरून मोकळा. बाबा परत आले अन् मायले म्हणाले, "पोरानं पहिल्यांदा मनानं काम केलं." त्यायचं ते बोलणं मी भिंतीआडून ऐकलं. तिसऱ्या दिवशी सेवादास आला. ओरडला नाही, भांडला नाही. वाळूत दोन-चार जागी उकरलं अन् बाबाकडं येऊन म्हणाला, "काका, मी गाळ धरला होता. हे त गोटाड आहे." बाबानं दोरी आणली. त्यायची पट्टी मोजली, तीन गाठी. आपली मोजली, पाच. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली तवर अर्धी पेठ जमा झाली होती. उदयसिंगकाका बिचारे हलकं करायले म्हणाले, "हिरालाल, तुझ्या दोरीले पोट सुटलं का?" कोणी हसलं नाही. बाबा दोरीकडं पाहत राह्यले अन् म्हणाले, "माझे डोळे गेले." तर मागून कोणीतरी बोललं, "डोळे चुकले ठीक आहे, पण आपल्याच घराकडं काहून चुकले?" कोण बोललं ते मी पाहिलं नाही. मी जमिनीकडं पाहत होतो.

खत भरलेला खड्डा हलवायचा नाही, म्हणजे त्या साली हद्दही सरकत नाही, हाही आपल्याकडचा नियम. म्हणून बाबानं आपली आख्खी पट्टी त्याले देऊ केली. सेवादास म्हणाला, "चुकलेल्या मापातलं नको काका. पुढच्या साली बरोबर मोजा, बस." माघात त्याचे वेल वाळले. फाल्गुनात तो अन् विमलबाई केनवडकडं वीटभट्टीवर गेले, खोलीले कुलूप लावून. अन् आपल्याकडं त्या साली जशी टरबुजं झाली तशी कधीच झाली नव्हती. माय म्हणायची, घागरी मांडल्यासारखी दिसतात. बाबानं एकही कापलं नाही. सगळी बाजारात गेली.

मग मी त्यायले वाशिमले डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू धरला आहे, पण अजून कच्चा. ताई, तुले खोटं वाटंल, पण बाबाचा चेहरा उजळला. बाहेर येऊन त्यायनं रस्त्यावर चहा पाजला मले, अन् तीनदा म्हणाले, "पाह्य, म्हणजे डोळेच होते." आपली नियत नव्हती, डोळे होते, एवढं त्यायले कागदावर पाहिजे होतं. तो कागद त्यायनं घडी करून खिशात ठेवला अन् पेठेत जो भेटंल त्याले दाखवत राह्यले. त्याच आठवड्यात मी निघालो. तुमी समजले, पोरगा नेहमीसारखा पळाला.

तर ऐक. पंगत बसली होती तवा मी खाली वाळूवर होतो. सेवादासच्या अन् आपल्या पट्टीमधल्या दोन्ही खुंट्या मी उपटल्या अन् त्याच्या आत सरकवून ठोकल्या. तीन हात नाही, पाच हात नाही, बरोबर एक गाठ. दोरीवाल्याच्या पोराले माहीत असते की मोजताना आख्खी गाठ चुकू शकते, अर्धी नाही. म्हणजे कोणी धरलं तर ते बाबाचं चुकणं दिसंल, चोरी दिसणार नाही, हे मी खुंटी ठोकतानाच जाणत होतो. त्यायले मी गाळासाठी विकलं. रागात केलं असं म्हणावं तर हात माझे शांत होते. तू माझे मोकळे हात पाहिले अन् गप्प बसली, त्याचा दोष मी तुले देत नाही, पण आता गप्प बसू नको. शनिवारच्या एस.टी.नं घरी जा. आधी बाबाले एकट्यालेच वाचून दाखव, मायले चहा टाकायले लाव. त्यायनं मले शिव्या दिल्या तर देऊ दे, नाही दिल्या तर मात्र मले फोन करून सांग, मले ते जास्त जड जाईल. मग रविवारी नदीवर, उदयसिंगकाका दोरीले हात लावायच्या आधी, सगळ्यांसमोर हे शेवटचं पान वाच, एकही शब्द न गाळता. मी स्वतः यायचं म्हणून ठेकेदाराकडं गेलो होतो, तारा जोडून होईपर्यंत तो सोडत नाही, अन् खरं सांगतो, त्यानं नाही म्हटलं तवा मले सुटल्यासारखं वाटलं. म्हणून कागद. सेवादासले केनवडहून बोलावणं धाडा. त्याच्यानंतर पेठेत कोणी राहायले आलं नाही, म्हणजे पहिली निवड अजून त्याचीच आहे, अन् त्याच्या पट्टीत या साली खड्डे खणायचे ते मी आल्यावर मी खणीन, त्यानं खणू दिले तर. आपल्या घरासाठी उरंल ते घ्या. बाबाले म्हणा, डोळे दाखवायचे तर दाखवा, पण गाठ तुमी चुकवली नव्हती, एकही नाही. अन् वाचून झालं की दोरी त्यायच्या हातात दे अन् म्हण, मोजा.

तुझाच,
हर्षल